मंडईचं बोलावणं

पहिला दिवस, 18 नोव्हेंबर 2023

भाऊबीजेच्या रात्रीच मामाचा फोन आला होता. "मंगरवारी गावची मंडई आहे. बाईले घेऊन ये." बाई म्हणजे माझी आई. माहेरी तिला अजून सगळे बाईच म्हणतात. नऊ वर्षं ती मंडईला गेली नव्हती. आधी बाबांचं आजारपण, ते गेल्यानंतरचं रिकामं वर्ष, मग कोरोना, मग तिचे गुडघे. या खेपेला मात्र फोन ठेवल्या ठेवल्या तिने कपाटातली पिशवी काढली. मी सोबत येणार का, हे विचारलंही नाही. मी जाणारच होते.

मंडई म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला भाजीबाजार आठवतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या मुलखात, मंडई हा सण आहे. भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुपारी बाजार भरतो, गोवाऱ्यांची ढाल, म्हणजे सजवलेला उंच बांबू, निघते, दंडार हा लोकनाच होतो आणि रात्रभर नाटक चालतं. त्या दिवशी गावात एकही घर पाहुण्यावाचून नसतं. लेकी येतात, जावई येतात, कित्येक सोयरिकी मंडईच्या गर्दीतच ठरतात.

नागपूरहून उमरेड, भिवापूर करत निघालो. मामाकडे जाण्याआधी पवनीला मावशीकडे दोन रात्री राहायचं ठरलं होतं. रस्ता आता छान झाला आहे, पण आईचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. ती बाजूचा रूळ शोधत होती. इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी तिच्या लहानपणापासून चालायची. रूळ रुंद करायला घेतला आणि 2019 साली ती बंद झाली. "पवनी रोडवर उतरलो का पुढं बंडीनं," ती म्हणाली. बंडी म्हणजे बैलगाडी. "बंडीत तनस टाकलेली राहे. आमी पोट्टे त्यातच झोपून जाऊ." भिवापूरला थांबून तिने मावशीसाठी मिरच्या घेतल्या. एक मिरची मोडून वास घेतला, मगच पैसे दिले.

निलज फाट्यावरून वळलो आणि दिवस मावळता मावळता पवनीत पोचलो. मावशीचं घर जुन्या गावात आहे. जवाहर गेटमधून आत शिरताना दरवर्षी वाटतं तेच याही वेळी वाटलं. आपण किल्ल्यात शिरतो आहोत हे इथे कोणी वेगळं सांगत नाही. भाजीवाली, सायकलचं दुकान, एसटीची वाट पाहणारी माणसं, आणि मध्येच ती दगडी कमान.

संध्याकाळी वैजेश्वर घाटावर गेलो. वैनगंगा शांत होती. वर गोसीखुर्दला धरण आहे. त्याची पायाभरणी 1988 साली झाली. नदीला आता किती पाणी यायचं ते धरणाची दारं ठरवतात. मावशीने 2020 च्या ऑगस्टमधला पूर पाहिला आहे. घाटाच्या पायऱ्या कशा दिसेनाशा झाल्या ते सांगताना तिचा आवाज अजून बदलतो. आई पायरीवर बसून नुसती पाण्याकडे पाहत राहिली.

दुसरा दिवस, 19 नोव्हेंबर

19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. मावशीच्या शेजारी एक गुरुजी राहतात. त्यांनी आळीतली पोरं जमवून जगन्नाथ टेकडीवर न्यायचं ठरवलं होतं. शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, शिवाय रविवार होता आणि दुपारी दोनला वर्ल्ड कपची फायनल होती. म्हणून गुरुजींनी सकाळी सातची वेळ दिली. स्वेटर घातलेली वीस-बावीस पोरं आली. मीही गेले.

ज्यांनी पवनी पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. विदर्भातलं हे फार जुनं नगर. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे खोदकाम केलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्याचा अहवाल 1972 साली काढला. टेकड्यांच्या पोटात बौद्ध स्तूप निघाले. मौर्यांच्या काळापासून सातवाहनांच्या काळापर्यंत त्यांच्यावर पुन्हा पुन्हा बांधकाम होत गेलं होतं. स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्या कठड्याच्या खांबांवर कोरीव काम होतं आणि ब्राह्मी अक्षरांत लेख होते.

मावशीचे सासरे त्या खोदकामावर मजुरीला होते. त्यांना कुदळ देत नसत, ब्रश देत, असं ते सांगायचे. दिवसभर बसून एका दगडावरची माती झाडायची. घरचे हसायचे त्यांना, की मजुरी घेतो आणि धूळ झाडतो. ते मात्र मरेपर्यंत त्या टेकडीवरून जाताना चपला हातात घ्यायचे.

टेकडीवर पाहायला फारसं काही नाही, हे आधीच सांगते. जे निघालं त्यातलं बरंच बाहेर गेलं. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, पवनीचा एक स्तंभ आहे. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ. शाळेच्या सहलीत मी तो पाहिला होता. खाली पवनीचं नाव लिहिलेलं होतं आणि मी पुढच्या दालनात वाघ पाहायला पळाले होते. मावशीच्या गावचा दगड आहे, हे त्या वयात मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी थांबले असते.

गुरुजींनी हेच ओळखलं असावं. पोरांना गवतावर बसवून त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचे कागद काढले. लेखांची अक्षरं मोठी करून आणली होती. खर्च स्वतःचा.

"हे कोनाचं नाव आहे, सांगा. राजाचं?"

"राजाचं!" पोरं एका सुरात.

"नाही. हा खांब ज्यांनी दिला त्यांचं आहे. गनपतीची वर्गनी देता नं तुमी? तसं. कोनी एक खांब दिला, कोनी आडवी फळी दिली. दिली तर नाव लिहिलं."

मग त्यांनी एका बाईचं नाव वाचून दाखवलं. विसमिता. तिच्या दानाचा लेख पवनीला सापडला आहे. त्यात म्हटलं आहे की हे दान सगळ्या जीवांना सुखाचं होवो. ती कोणत्या घरची, कोणाची कोण, ते गुरुजींनी काही सांगितलं नाही. पोरांनीही विचारलं नाही. माझ्या मनात मात्र ते नाव राहून गेलं.

एक बारका मुलगा माझ्या शेजारी बसला होता. त्याने कागदावरच्या अक्षरावरून बोट फिरवलं. ब्राह्मीतला न अगदी सोपा, आडव्या रेघेवर उभी काडी. त्याने तो मातीत काढला. मग गुरुजींना विचारून त्याच्या आधीचा दा काढला. दोन्ही अक्षरं मोठ्यांदा वाचली आणि गोंधळून वर पाहिलं.

"सर, हे तं आपलंच आहे. दान."

"मग कोनाचं राहील बाबू?" गुरुजी म्हणाले.

त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. दोन हजार वर्षांत त्या शब्दाची एक मात्रासुद्धा हललेली नाही. आमच्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. शहरात गेलं की पोरं यावरून लाजतात, मीही लाजत होते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर या बोलीचं काम केलं आणि तिला तिच्या नावाने उभं केलं. त्यांचं लिखाण मी चाळिशीत वाचलं. त्या मुलाला ते दहाव्या वर्षी कळावं, असं फार वाटलं.

परतताना मी गुरुजींना विचारलं, लोक येतात का इथे? ते म्हणाले, "अभ्यास करनारे येतात. बाहेरदेशचे भिक्खू येतात. गावचा मानूस कायले येईल? त्याले कोनी बोलावलंच नाही कधी. मंडईले घरोघरी बोलावनं जाते, टेकडीचं बोलावनं कोनाले गेलं?"

दिवसभर तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी लागली म्हणजे ठिकाण जपलं गेलं, असं आपण धरून चालतो. पाटीवर तर लिहिलेलं असतं की हात लावू नका. ते बरोबरही आहे, दगडाला हात लावू नयेच. पण ज्या गोष्टीला गावाचा हात लागत नाही, ज्यासाठी चूल पेटत नाही आणि पाहुणा येत नाही, तिच्यावर गवत वाढतं. गुरुजींचे पोहे मावशीच्या चुलीवर झाले होते. वीस पोरांनी ते टेकडीवर बसून खाल्ले. मला वाटतं त्या टेकडीवर कित्येक वर्षांनी पंगत बसली.

दुपारी मॅच. रात्री सगळी आळी गप्प होती. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरा दिवस, 20 नोव्हेंबर

सकाळी चौरास भागात शिरलो. काळी कसदार जमीन. हलकं धान कापून झालेलं, भारी धान अजून बांध्यांत उभं, धुऱ्यांवर तूर फुलात. मामाचं गाव लाखांदूर तालुक्यात. गावात शिरताच आईने काच खाली केली आणि ओळखीच्या प्रत्येक घराकडे पाहून "अवं, हे तं पक्कं बांधलं" असं सुरू केलं.

पोचल्यावर तासाभरातच मामेभाऊ म्हणाला, "ताई, वडश्याले येतं का? नाटकाचे बाकीचे पैसे द्याचे आहेत." तो यंदा नाट्यमंडळाचा खजिनदार. मी लगेच गाडीत बसले.

वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यात, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं गाव. झाडीपट्टी रंगभूमीची ही पेठ आहे. एकाच रस्त्यावर नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीने. दुकानाएवढा गाळा, बाहेर नटनट्यांच्या फोटोंचे भलेमोठे फलक, आत एक टेबल आणि त्यावर तारखांची वही. दिवाळी ते होळी हा हंगाम. गावोगावची मंडळं येतात, नाटक पसंत करतात, तारीख ठरवून इसार देतात. बहुतेक गावांची मंडई त्याच पंधरा-वीस दिवसांत असते, त्यामुळे एकेका तारखेसाठी ओढाताण चालते. आमच्या समोर दोन गावची माणसं एकाच रात्रीसाठी अडून बसली होती. शेवटी एकाने दुसरं नाटक घेतलं आणि दोघांनी मिळून चहा घेतला.

कंपनीचा माणूस पावती करता करता बोलत होता. नट दिवसा गाडीत झोपतात, रात्री उभे राहतात. नागपूर, पुण्या-मुंबईचे कलाकारही हंगामाला येऊन राहतात. तालमी मोजक्याच. सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर आणि नटाच्या हजरजबाबीपणावर. 2020 चा हंगाम कोरोनाने खाल्ला, तेव्हा कोणी भाजी विकली, कोणी रोजगार हमीवर गेलं. "पर यंदा बघा," तो म्हणाला आणि वही उलटून दाखवली. पान भरलेलं होतं. याच वर्षी परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ते कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. सगळं आयुष्य त्यांनी याच रंगमंचावर घालवलं. त्या गाळ्यात त्यांचं नाव घेताना माणूस खुर्चीत जरा सरळ होऊन बसला.

परतताना मामेभावाने आणखी एक सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावचं नाटक आधी मंडईला नसायचंच. ते शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, असायचं. जानेवारीत पट भरायचा, लांबून बैलजोड्या आणि माणसं यायची, एवढ्या पाहुण्यांची रात्र कशी जायची म्हणून नाटक. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या आणि पटाबरोबर नाटकही जायची वेळ आली. तेव्हा मंडळाने नाटक मंडईच्या रात्रीला बांधलं. 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि यंदा मे महिन्यात घटनापीठाने कायदाही उचलून धरला. "पर आता पटाची जोडी ठेवते कोन?" तो म्हणाला. "गावात ट्रॅक्टर झाले."

चौथा दिवस, 21 नोव्हेंबर, मंडई

पहाटे चारला जाग आली ती मामीच्या सपरीतल्या आवाजाने. सडा पडला होता. चुलीवर मोठं पातेलं. मामी, दोन मामेबहिणी, शेजारची एक काकू आणि आई, पाचही जणी कणकेच्या परातीभोवती. सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आणि गुळाची बोंडं. आईला बस म्हटलं तरी ती पाटावर बसून बोंडं सोडत होती. पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीमधून बोंड वर येऊ द्यायचं आणि अलगद तेलात सोडायचं. तेल उडू द्यायचं नाही. नागपूरच्या घरी गॅसवर ती कधीच बोंडं करत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "एकटीसाठी कोनी बोंडं करते का?"

दहापासून पाहुणे सुरू झाले. किती ते मोजायचं नसतं. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो बसतो. घरात शिरणाऱ्याला पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी, मग ताट. चिन्नोरचा भात, वरण, वांग्याची भाजी, सुवारी, बोंड. संध्याकाळी मटण. ज्याला मामीनेही ओळखलं नाही अशा एका म्हाताऱ्याला मी जेवताना पाहिलं. जेवून उठल्यावर त्याने आपली ओळख सांगितली. दोन गावं पलीकडचा, मामाच्या आजोबांबरोबर पटाला जायचा. मामीने त्याला आग्रहाने आणखी एक बोंड खाऊ घातलं.

दुपारी बाजार भरला. शाळेच्या पटांगणापासून तलावाच्या पाळीपर्यंत. हा तलाव माजी मालगुजारी, म्हणजे लोकांच्या तोंडी मामा तलाव. जलेबी, भजी, मुरमुरे, ऊस, पेरू, बांगड्या, खेळणी, पाळणा. आणि शिंगाडे. धिवर बाया उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन पाळीवर ओळीने बसल्या होत्या. याच तलावातले शिंगाडे. आईने शेरभर घेतले आणि तिथेच पाळीवर बसली.

थोड्या वेळाने एक बाई समोर येऊन उभी राहिली. आईच्याच वयाची, नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आईने नाव घेतलं. ती बाई काही बोललीच नाही, शेजारी बसली, टोपलीतला एक शिंगाडा उचलला, काळी साल दातांनी चिरली, दोन्ही अंगठ्यांनी सोलली आणि आतला पांढरा गर आईच्या हातावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. दोघींची बोटं काळी झाली. लहानपणी या दोघी याच तलावावर कपडे धुवायला यायच्या. लग्नानंतर एक उत्तरेला गेली, एक दक्षिणेला. पन्नास वर्षांत आठ-दहा वेळा भेटल्या असतील, आणि दर वेळी इथेच, मंडईला. दोघींनी एकमेकींना कधी फोन केलेला नाही. गरज पडली नाही, असं आई म्हणाली. मंडई आहे नं.

चारच्या सुमाराला ढाल निघाली. गोवारी बांधवांची ही ढाल म्हणजे उंच बांबू, त्याला रंगीत कापड, मोरपिसं. ढोल, बासरी. वर्षभर गावाची गुरं राखणारा समाज. पाडव्याला गायगोधन असतं तेव्हापासून ढालीचा मान सुरू होतो. एकाच माणसाने तो बांबू पोटाशी तोलून धरला आणि नाचायला लागला, तेव्हा गर्दीने आपोआप रिंगण केलं. घराघरातून बाया ताट घेऊन आल्या. ढालीला कुंकू, धान, पैसे. मला नागपूरचा सीताबर्डीचा उड्डाणपूल आठवला. मी रोज त्यावरून जाते. त्याला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात मोर्चाच्या चेंगराचेंगरीत 114 गोवारी गेले. त्यात किती बाया आणि लेकरं होती. दोनच दिवसांवर ती तारीख आली होती. ढाल नाचवणाऱ्या माणसाला मी नमस्कार केला. त्याने घाम पुसून हसून हात जोडले.

मग दंडार. शेजारगावचा संच. अर्धे शेतकरी, दोघे गवंडी, एक शाळेत शिपाई. ढोलकी आणि टाळ सुरू झाले आणि दोन रांगा समोरासमोर नाचू लागल्या. स्त्रीवेशातल्या तरुणाचं पाऊल असं हलकं होतं की आई म्हणाली, "याच्या बापाचं असंच होतं." तो खरंच त्याच्याच बापाचा मुलगा निघाला. या संचाला कोणी मानधनाचं पत्र पाठवत नाही. त्यांना सुपारी, जेवण आणि मंडळ देईल ती बिदागी. सराव श्रावणापासून, धानाचं रोवणं आटोपलं की रोज रात्री. मला हे फार मोठं वाटतं. माझ्या शहरात कलेसाठी सभागृह आहे, दिवे आहेत, अनुदानाचे अर्ज आहेत. इथे बाप आहे आणि रोवण्यानंतरच्या रात्री आहेत.

रात्री दहाला कनात भरली. पुढे गाद्या, मागे खुर्च्या, त्यामागे उभे. म्हाताऱ्या बाया चादरी, गोधड्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन संध्याकाळी सातपासूनच जागा धरून बसल्या होत्या. नवमीचा चंद्र पश्चिमेकडे कललेला. बाहेर चहाच्या टपऱ्या, शेकोट्या. आम्हाला मंचाच्या एका कडेला जागा मिळाली. तिथून प्रॉम्प्टर दिसत होता. मंचासमोरच्या खोलगट जागेत बसलेला एक पन्नाशीचा माणूस, हातात वही, डोक्यावर बारका दिवा. त्याचा दबका आवाज आधी यायचा आणि क्षणभराने तेच वाक्य नटाच्या तोंडून गडगडत निघायचं. सुरुवातीला मी दोन्ही ऐकत होते. तासाभराने त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. त्याचे ओठ हलत होते, पण मला फक्त नाटक ऐकू येत होतं.

गोष्ट घरचीच. दोन भाऊ, शेत, कर्ज, बहिणीचा वाटा. बहीण दारात उभी राहून म्हणते की मला वाटा नको, माहेरची वाट ठेवा. त्या वाक्याला कनातीतल्या बाया उघड रडल्या. आईने डोळ्याला पदर लावला नाही, ती नुसती सरळ पाहत राहिली. मध्ये विनोदी प्रवेश, लावणी, पेटी आणि तबल्याची जुगलबंदी. प्रवेशांच्या मध्ये माईकवरून नावं वाचली जायची. अमक्या भाऊंकडून नायिकेला 101 रुपये, तमक्या बचत गटाकडून मंडळाला 500. बाहेरचा माणूस याने वैतागेल. मी मात्र कान देऊन ती नावं ऐकत होते. टेकडीवरून आल्यापासून नावांची यादी मला वेगळी ऐकू येते.

एकच्या पुढे चंद्र मावळला. थंडी वाढली. पोरं आयांच्या मांडीत झोपली. साडेपाचला पडदा पडला तेव्हा कोंबडे आरवत होते, आणि लोक तसेच तडक शेताकडे निघाले. भारी धान कापायचं होतं.

पाचवा दिवस, 22 नोव्हेंबर

नऊ वाजता मारुतीच्या पारावर हिशेब होता. दरवर्षी नाटकाच्या दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांसमोर वाचतात. तिकिटं किती, वर्गणी किती, कंपनीला किती, मांडवाला, जनरेटरला. उरेल त्यातून शाळेच्या भिंतीचं काम करायचं आधीच ठरलेलं. मामेभाऊ वाचत होता, लोक पेंगत पेंगत ऐकत होते. उरले, पण भिंतीला पुरतील एवढे नाही.

मंडळाची वर्गणी घरटी असते. सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदारांची फरशी आहे. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. सगळी नावं गावातल्या घरांची, बाप्यांची. एकाही लेकीचं नाव नाही. यात कोणाची वाईट बुद्धी नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीकडे वर्गणी मागायची नसते, तिला द्यायचं असतं, अशी रीत आहे.

आई माझ्या खांद्याला धरून पुढे गेली. कमरेचा बटवा काढला. पावतीपुस्तक घेऊन बसलेला पोरगा विशीचा.

"आजी, मामाजीच्या नावावर लिवू?"

"नाही. माह्या."

त्याने मामाकडे पाहिलं. मामा काही बोलला नाही, मानेने हो म्हणाला. पोरगा पेन घेऊन थांबला. "नाव सांगा आजी."

आईने आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग तिच्या बाबांचं. मग इथलं, माहेरचं आडनाव. पन्नास वर्षांत मी ते तीन शब्द तिच्या तोंडून एका ओळीत ऐकले नव्हते. पोरगा एकेक अक्षर जपून लिहीत होता. रुपये 501. त्याने पावती फाडून तिच्या हातात दिली. शिंगाड्यांनी काळी झालेली बोटं अजून उजळली नव्हती. चष्मा लावून तिने ती दोनदा वाचली, घडी घातली आणि बटव्यात ठेवून बटवा कमरेला खोचला.